न बघता

"आई, हे बघ ना जरा," बबी माळ्यावरून ओरडली. खाली बाई होत्या तिथेच थांबल्या.

तीन दिवसांत हे निदान दहाव्यांदा होत होतं. माणसं बोलताना किती वेळा 'बघ' म्हणतात हे बाईंना अलीकडेच कळायला लागलं होतं. चहात साखर पडलीय का बघ, दाराशी कोण आलंय बघ, फोन कुणाचा आहे बघ. समोरच्याला बघता येत नसेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

"तूच बघ. शिडी चढायचे गुडघे राहिलेत का माझे?" बाई म्हणाल्या. या तीन दिवसांत त्यांनी सगळं गुडघ्यांवर ढकललं होतं. बिचारे गुडघे खरं तर ठणठणीत होते.

गेले होते ते डोळे. दोन वर्षांपूर्वी बाई एकट्याच डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. काचबिंदू, उशीर झालाय, गेलेली नजर परत येत नाही, असं त्याने सांगितलं. बाईंनी तो कागद घरी येऊन बारीक फाडला आणि कुणालाही काही सांगितलं नाही. आता डाव्या डोळ्याला खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं. उजव्याला धुक्यात हलणारं एक भोक उरलं होतं, तेही दुपारनंतर मिटल्यासारखं व्हायचं.

घर विकलं होतं ते जिन्यामुळे आणि गळक्या छपरामुळे. सोमवारी ते रिकामं करून द्यायचं होतं आणि रविवारी सकाळी अंगणात सामानाची विक्री होती. त्यानंतर बाई कुठे राहणार, यावर मायलेकींची महिनाभर फोनवर खडाजंगी झाली होती. बबीच्या घरी तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तिथे आणखी एक म्हातारी नको, हे बाईंनीच आधी सांगून टाकलं. बबीने एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. तिथे सगळं हातात मिळतं म्हणे. बाईंना हातात काही नको होतं. मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांनी मनात धरल्या होत्या, स्वतःच्या दाराच्या आणि स्वतःच्या किल्लीच्या.

शेवटी बबीने तह केला. "मी चार दिवस येऊन राहते. तुझं तुला जमतंय असं मला दिसलं, तर दोन खोल्या. नाही दिसलं, तर मग मी सांगेन तिथे जायचं. कबूल?"

बाई कबूल झाल्या. मालकांनी बघायला दिलेली खोल्यांची किल्ली त्यांच्या स्वेटरच्या खिशात होती. दोनदा गुपचूप जाऊन त्यांनी तिथल्या भिंती हातांनी पाठ केल्या होत्या. पलंगाच्या जागेपासून ओटा पाच पावलं, ओट्यापासून दार तीन. खिडकीची कडी खालून वर सरकते. एवढं त्यांना पुरेसं होतं.

या घरातही त्यांचं असंच चालायचं. पलंगाची कड सोडली की शिवणयंत्र, शिवणयंत्रानंतर कपाटाचा कोपरा, मग आरामखुर्चीची पाठ, मग स्वयंपाकघराची चौकट. घर त्यांना हाताला धरून फिरवायचं. बबी आली त्या दिवशी त्यांनी चहा केला, कप भरले, एक थेंब सांडला नाही. बबी म्हणाली, "बरी आहेस की गं!" आणि बाईंना मनातून गुदगुल्या झाल्या.

पण बबी होती कामाची. दुसऱ्या दिवशी तिने केस बांधले आणि विक्रीचं सगळं सामान ओढत ओढत पुढच्या खोलीत नेलं. शिवणयंत्र गेलं, कपाट गेलं, खुर्ची गेली. मधली खोली रिकामी झाली आणि बाई त्यात उभ्या राहिल्या. हात पुढे केला तर हाताला काही लागेना. पन्नास वर्षं राहिलेल्या घरात आपण कुठे उभ्या आहोत हे त्यांना कळेना. असं वाटलं, की खाली बसावं आणि मोठ्याने हाक मारावी. त्यांनी दात आवळले, भिंत सापडेपर्यंत पाय घासत सरकल्या आणि वाटेत एका खोक्यावर नडगी आपटली.

"काय झालं?"

"गुडघा," बाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी बबीने जाड कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीला भोक पाडून दोरा ओवला. "एकेका वस्तूला एक चिठ्ठी. काय आहे, कसं आहे, ते लिहायचं. मी कोपऱ्यांवर विक्रीचे कागद चिकटवून येते, तोवर तू लिहिशील?"

बाईंचा जीव टांगणीला लागला, पण क्षणभरच. "माझं अक्षर कुणाला लागतंय? मी टाइप करते."

"टाइपरायटरचं मशीन विकायचंय ना? सकाळीच घासूनपुसून लख्ख केलंय. अक्षरांचे खिळेसुद्धा ब्रशने साफ केलेत."

"विकायचं उद्या. आज माझं आहे."

बबी हसली. दार लागलं. बाई मशीनपुढे बसल्या आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. तीस वर्षं टायपिंगच्या क्लासात त्यांनी पोरांना एकच धडा दिला होता. बोटांकडे बघायचं नाही! बघून टाइप करणारा आयुष्यभर बघतच राहतो. पोरांच्या हातांवर त्या फडकं टाकत आणि फडक्याखाली बोटं चालवायला लावत. बोलायला तिखट होत्या. शाईच्या रिबिनीची दांडी एका पोरीने एकदा चुकून पांढऱ्या ठिपक्यावर ठेवली होती. काळ्या ठिपक्यावर काळं उमटतं, लालवर लाल, आणि पांढऱ्यावर रिबीन वर उचललीच जात नाही. पोरीने अख्खं पत्र टाइप केलं आणि कागद कोरा. बाईंनी तो कागद वर्गात उंच धरला होता. "या बाईसाहेबांनी हवेत पत्र लिहिलंय बरं का!" वर्ग खो खो हसला. ती पोरगी बबी होती, चौदा वर्षांची. त्या रात्री ती जेवली नाही.

बाईंनी पहिली चिठ्ठी मशीनमध्ये सरकवली. खिळ्यांचा आवाज जरा कोरडा वाटला. कागद जाड आहे, त्याचंच असेल.

मग त्यांना रंग चढला. उठायचं, पुढच्या खोलीत जायचं, हाताला लागेल ती वस्तू ओळखायची, परत येऊन टाइप करायचं, जाऊन दोरा बांधायचा. दोनदा धडपडल्या, पण बघायला कोण होतं? नुसतं 'खुर्ची' लिहिणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. 'आरामखुर्ची. डावा हात सैल आहे. बसणाऱ्याने उजवीकडे टेकावे.' 'कपाट. खालचा खण अडतो. लाथ मारू नये, उचलून ओढावा.' घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे जायचं, तर त्यावर लिहिलं, 'उशिरा उठणाऱ्यास उपयोगी.' आणि आरशाला, 'आरसा. माणूस आहे त्याहून बारीक दिसतो. म्हणून विकायला जिवावर येत आहे.' ही चिठ्ठी बांधताना बाई स्वतःशीच हसल्या. बबी वाचेल तेव्हा पोट धरून हसेल. जमलं, असं त्यांना वाटलं. उद्याचा एक दिवस काढला की झालं. खिशातल्या किल्लीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

बबी परतली तेव्हा शेवटची चिठ्ठी बांधून बाई मशीनपाशी येऊन बसल्या होत्या. मशीनची तेवढी राहिली होती.

"बांधूनसुद्धा झाल्या? वा!" बबी पुढच्या खोलीत गेली. बाई कान देऊन ऐकत राहिल्या. चपला थांबल्या. एक चिठ्ठी उलटल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग चपला भरभर कपाटाकडे, घड्याळाकडे, परत खुर्चीकडे. कागद उलटत होते, सुलटत होते. हसू कुठे ऐकू येईना.

"काय गं? चुका आहेत?" बाईंनी विचारलं.

कागद उलटायचे थांबले. मग, "नाही आई. छान झाल्यात."

"मग मोठ्याने वाच की. आरशाची वाच."

बबीच्या चपला आरशापाशी गेल्या. "आरसा," ती म्हणाली. "लाकडी चौकट. चांगल्या स्थितीत."

बाईंच्या चेहऱ्यावर हसू तयार होतं, ते तिथेच राहिलं. बबीने ओळ चुकवली असेल का? उजेड कमी असेल?

"खुर्चीची?"

"आरामखुर्ची. जुनी आहे. पण मजबूत," बबी म्हणाली. "बसायला आरामशीर."

बाईंचे हात मशीनवर गेले. रिबिनीची दांडी उजवीकडे होती, तीन खाचांची. बोटाने खाचा मोजायचीही गरज नव्हती, पण त्यांनी मोजल्या. काळा. लाल. दांडी तिसऱ्या खाचेत होती, पांढऱ्या ठिपक्यावर. सकाळी फडक्याने पुसताना सरकली असणार. तीस वर्षं ज्या बाईंनी टाइप करण्याआधी दांडी तपासा म्हणून पोरांना फैलावर घेतलं, त्यांनी आज ती तपासली नव्हती. आणि घरभर कोऱ्या चिठ्ठ्या नीट गाठ मारून लटकवल्या होत्या.

रडू आलं नाही. राग आला, स्वतःचाच, आणि त्याच्याखाली इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. बबीने एखादी चिठ्ठी उंच धरली असती, हवेत पत्र लिहिलं म्हणाली असती, तर बरं झालं असतं. पण बबी खोटं वाचत होती. लहान मुलाला गोष्ट सांगावी तसं.

बबी जवळ येऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"अजिबात नाही दिसत?"

"तुझा आकार दिसतो. उजेडात असलीस तर."

"आई, मला सांगायचंस तरी गं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

बाईंना बबीचा राग आला नाही. तिच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही वृद्धाश्रमातच पाठवलं असतं. एकट्या आंधळ्या आईला दोन खोल्यांत ठेवून कोणती मुलगी रात्री झोपेल? हे सगळं त्यांना समजत होतं, आणि त्याने काडीचाही फरक पडत नव्हता. ओटा पाच पावलं, दार तीन. खिडकीची कडी खालून वर.

त्यांनी स्वेटरच्या खिशातून किल्ली काढली आणि हात पुढे केला.

"घे. मालकांना देऊन टाक."

किल्ली कुणी घेतली नाही. हात तसाच हवेत राहिला. मग पावलं वाजली. बबी टेबलाला वळसा घालून या बाजूला आली, आणि बाईंचा हात जिकडे होता तिथे येऊन तिने किल्ली घेतली. हात मात्र सोडला नाही. तिची बोटं ओली होती.

"त्या चिठ्ठ्या मी परत लिहीन," बबी म्हणाली. "तू सांग, मी लिहिते. आरशावर काय होतं?"

"राहू दे ते. चांगल्या स्थितीत, एवढं पुरे." बाईंनी हात सोडवून घेतला आणि मशीनच्या झाकणावर ठेवला. "याची राहिलीये. याची लिही."

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. पेनाचं टोपण निघालं.

"सांग."

"लिही. मशीन उत्तम चालतं." बाई थांबल्या. बबीचं पेन कागदावर घासत होतं, थांबून थांबून. "वापरण्याआधी दांडी बघून घ्यावी."