डोळ्यातल्या किड्याला शेगडी

माझा उजवा डोळा लहानपणीच देवीत गेला. पुढं मंद्रूपचं घर, बारा माणसं आणि सहा बैल मी डाव्या डोळ्यावर चालवले. एकतीस साली त्याच डोळ्यात किडा निघाला.

पहिल्यांदा तो बघितला सुनेनं, मायाक्कानं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. ती म्हणाली, आत्याबाई, तुमच्या डोळ्यात दोऱ्यावानी कायतरी चालतंय. मी म्हणाले, तू पीठ मळ. दुसऱ्या दिवशी तो मलाच टोचला. पांढरा, बारीक, बुबुळाच्या कडेनं वळवळत जायचा आणि आत बुडायचा. डोळा लालभडक झाला. हाही गेला असता तर मला उंबरा ओलांडायलासुद्धा कुणाचातरी हात धरावा लागला असता. मी आणि हात धरणार!

लेकानं, सिदूनं, मला आणि मायाक्काला बैलगाडीत घालून सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर पोरसवदा. तीन दिवस भिंग लावून बघत होता. त्या गार फरशीच्या खोलीत किडा काही बाहेर येईना. दिसल्याशिवाय कापू कुठं, म्हणाला. बसवराज कंपाउंडर हसत शेजारच्या शिपायाला कानडीत म्हणाला, अज्जिगे हुच्चु. म्हणजे म्हातारीला वेड लागलंय. मंद्रूपच्या बाईसमोर कानडीत कुचाळकी करणारा शहाणा मी पहिलाच पाहिला. त्याच कानडीत मी त्याच्या तीन पिढ्यांची विचारपूस केली. तिथून पुढं तो मला अव्वा, म्हणजे आई, म्हणायला लागला.

दवाखान्याच्या आवारात आजाऱ्यांची माणसं तीन दगडांवर स्वयंपाक करायची. चौथ्या दिवशी मायाक्का भाकरी करपवायला लागली, म्हणून तिला उठवून मी जाळापुढं बसले. दोन भाकरी होतात न होतात तोच डोळा वळवळला. मायाक्का पळत जाऊन डॉक्टरला घेऊन आली. त्यानं भिंगातून बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग मला धरून आत नेलं, टेबलावर झोपवलं. तोवर किडा पुन्हा गडप.

परक्या पुरुषापुढं कधी तोंड न उघडणारी मायाक्का पदराआडून बोलली.

"डाक्टरसायेब, त्यो जाळापुढंच वर येतुया. घरी बी तसंच व्हायचं. इस्तू हितं आणा की."

ऑपरेशनच्या खोलीत शेगडी? बसवराज म्हणाला, धूर होईल, राख उडेल. डॉक्टरनं जरा विचार केला आणि म्हणाला, निखारे चांगले फुलवून आणा.

मग टेबलाच्या कडेला माझ्या कानाशी शेगडी ठेवली आणि ती कलंडू नये म्हणून मायाक्का धरून बसली. डॉक्टरनं डोळ्यात थेंब घातले, डोळा लाकूड झाला. चांगला घाम फुटल्यावर किडा आला. डॉक्टरनं वरच्या पापुद्र्यासकट चिमट्यात धरला, बारीक चिरलं, टोक बाहेर काढलं. पुढं येईना. डॉक्टर ओढायला लागला तशी माझ्या मागच्या मेंदूपर्यंत कळ गेली.

आमच्या विहिरीच्या पाण्यानं गावात दरसाल नारू व्हायचे, पायातून लांब दोऱ्यावानी किडा निघायचा. अर्ध्या गावाच्या पायातले मी काढलेत. नारू काडीवर गुंडाळत काढायचा, रोज थोडा. तुटला की पाय सडलाच.

"ओढू नगा," मी म्हणाले. "गुंडाळा."

"आजी, हा नारू नाही. बोलू नका."

"नसंल. पर तुटला तर डोळा माजा जाणार की तुमचा?"

त्याचा हात थांबला. मग त्यानं चिमटा सावकाश फिरवायला घेतला. माझ्या हिशेबानं एक भाकर भाजून झाली असती, तेवढ्या वेळात किडा अख्खा बाहेर आला. चार बोटं लांब. डॉक्टरनं माझ्यापुढं हात धरून विचारलं, बोटं किती?

"तीन. मधल्याला शाई लागलीया."

पाच दिवस पट्टी. मायाक्कानं मला घास भरवले, उंबरा हात धरून ओलांडवला. मी रोज मीठ कमी म्हणून बोलत होते, ती व्हय म्हणत होती. सगळे घास डाव्या हातानं भरवत होती, ओठाला अंगठा लागायचा त्यावरून मला कळायचं. मी त्यावरूनही बोलले.

सहाव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टर वाकून विचारत होता, नीट दिसतंय का? दिसत होतं. मायाक्काचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजून फोडांनी भरला होता. शेगडी तापली तरी तिनं तशीच धरून ठेवली होती, ती हलली असती तर डॉक्टरचा हात हलला असता.

मी टेबलावरून उतरले आणि तिला तिथं बसवलं.

"माजं ऱ्हाऊ द्या," मी डॉक्टरला म्हणाले. "आदी हिचा हात बघा."