उसनी अंडी

मत्स्यालयात माझं काम बोलण्याचं. काचेपुढे उभं राहून शाळेच्या सहलींना मासे समजावून सांगायचे. माझा लाडका मासा बोटाएवढा, पाठीवर काटे असलेला. त्यांच्यात घरटं बांधतो नर, अंडी राखतो नर, आणि ज्याच्या घरट्यात आधीच अंडी असतील तोच मादीला जास्त पसंत पडतो. म्हणून काही बिलंदर नर शेजाऱ्याची अंडी चोरून आणतात. इथे हमखास हशा पिकतो. मग मी चेहरा गंभीर करून म्हणतो, निसर्गाला आधीच्या संसाराचं वावडं नाही. त्यावर टाळ्याही मिळतात.

अशाच एका टाळ्यांच्या दिवशी ऐकणाऱ्यांमध्ये ती भेटली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, नवऱ्यापासून वेगळी झालेली, सोबत आठ वर्षांची मुलगी. दोन-चारदा कॉफी झाली आणि ती मला मनापासून आवडली. मुलीचं म्हणाल तर, सहलीची सहल हाताळणाऱ्या माझी त्या एका पोरीपुढे बोबडी वळायची. माझी आई म्हणाली, आयता संसार कशाला गळ्यात बांधून घेतोस? मी आईवर इतका चिडलो, की माझ्याही मनात तेच होतं हे कुणाच्याही लक्षात आलं असतं.

शेवटी ती म्हणाली, रविवारी बागेत या. मुलीला तुम्ही पटलात तर पुढचं बोलू.

मी डोकं लढवलं. ताईकडून तिची चार वर्षांची लेक दिवसभरासाठी मागून आणली. मुलांमध्ये रमणारा माणूस म्हणून मिरवायचं होतं ना!

भाचीने माझी अब्रू फार वेळ टिकू दिली नाही. तिला शू लागली तेव्हा कुठे न्यायचं ते मला सुचेना. मी दिलेलं बिस्कीट तिने थुंकून टाकलं. मग सगळ्यांदेखत विचारलं, "मामा, तू मला कधीच फिरायला नेत नाहीस. आज का आणलंस?"

बाकावर बसून मुलीची आई हे सगळं बघत होती. मग शांतपणे म्हणाली, "ही अंडी कुणाची?"

माझाच मासा माझ्या घशात अडकला. "ताईची," मी म्हणालो. आता ही उठून जाणार, असंच मला वाटलं.

"चोरलेल्या अंड्यांचं तो पुढे काय करतो? ते नाही सांगितलंत त्या दिवशी."

"सांभाळतो. स्वतःची असल्यासारखी." हे मी कधीच सांगत नाही, कारण इथे कुणी हसत नाही.

"मग बघा, भाचीच्या बुटाची नाडी सुटलीय."

मी गुडघ्यांवर बसून नाडी बांधली. भाची दोन पावलं चालली आणि नाडी पुन्हा सुटली. तेव्हा ती आठ वर्षांची मुलगी, जी सकाळपासून माझ्याशी अक्षरही बोलली नव्हती, येऊन माझ्यासमोर बसली. तिने स्वतःच्या बुटाची घट्ट बांधलेली नाडी ओढून सोडली आणि पाय पुढे केला.

"काका, आधी माझ्या बुटावर शिका."