झारी आणि समुद्राकाठची भेंडी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. कामशेतच्या बाजारातून शालूबाईंनी मला आणलं, तेव्हा मी लखलखीत होते. आता अंगावर पोचे आहेत, तळाला डांबराचं ठिगळ आहे. पण मी जे पाहिलंय, ते कोणत्या नव्या झारीनं पाहिलं असेल?

टाकवे बुद्रुकला शालूबाईंची रोपवाटिका आहे. त्यांची लेक चैताली कोकणात दिलेली, समुद्राला लागूनच. तिथल्या वाळूच्या टेकाडावर कुणीतरी नुसता बाहेरून आणलेला सुरूचा झाडोरा लावला होता. एका वादळात तो आडवा झाला आणि वाळू मोकळी सुटली. अंगणात वाळू, ताटात वाळू, तिच्या तान्ह्या प्रेरणाच्या पाळण्यातसुद्धा वाळू. पोर सारखी खोकायची. चैतालीचा फोन वाजला की मलाच धडकी भरायची.

"आई, इथलीच मूळची झाडं लावायचं ठरलंय. उंडी, करंज, भेंडी. बिया पाठवते, तू रोपं कर."

उंडी-करंजाच्या बिया आल्या. भेंडीची पुडी तेवढी मागे राहिली. "भेंडीचं बी तर घरातच हाय की!" म्हणत शालूबाईंनी पिशव्या भरून पेरलं. मीही मायेनं पाणी घातलं. चैताली माहेरी आली, तेव्हा रोपांना भेंड्या लटकत होत्या.

"अगं आई, ही तर भाजीची! आमच्याकडे भेंडीचं झाड असतं. मोठं, पिंपळासारख्या पानांचं."

"मंग आदी सांगायचं न्हाई व्हय? मला काय ठावं तुमची समुद्राची भेंडी!"

शेजारचे नथूभाऊ कुंपणापलीकडून हसले. "शालूबाई, समुद्राला भाजी वाढताय व्हय? त्यापरीस सुरूच न्या पुन्ना. झटक्यात वाढतोय."

"अन् झटक्यात पडतोय, भाऊ."

मग खऱ्या भेंडीचं बी आलं. रोपं तरारली. पण पाठवणी जवळ आली आणि शालूबाईंनी मला खुंटीला टांगलं. पाणी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. पानं मलूल व्हायची, माझा जीव कासावीस! इतकं कठोर व्हावं का माणसानं?

"लाडावली तर तितं वाळूत तगायची न्हाईत," त्या रोपांवरून हात फिरवत म्हणाल्या.

पावसाळ्याच्या तोंडाशी टेम्पो निघाला. रोपांसोबत मीही गेले. टेकाडाच्या आतल्या अंगाला, झावळ्यांच्या कुंपणाआड रोपं लागली. पुढचे उन्हाळे मी चैतालीच्या हातात होते. हळूहळू मुळांनी वाळू घट्ट धरली.

प्रेरणा शाळेत जायला लागली, त्या वर्षी पुन्हा वादळ आलं. दिवसभर वाऱ्यानं झोडपलं. वारा पडल्यावर चैतालीनं भीतभीत दार उघडलं. फांद्या मोडल्या होत्या, पण एकही झाड उखडलं नव्हतं. अंगणात वाळूचा कण नाही! तिनं तिथूनच आईला फोन लावला. प्रेरणानं तो हिसकावला. "आज्जी, तुझी झाडं जिंकली!"

मित्रांनो, झाड लावण्याआधी त्या जागेला विचारा, 'तुझं मूळचं कोण?' आणि लावलंत की फोटो काढून निघून जाऊ नका. पहिले उन्हाळे त्याच्याजवळ थांबा, आजारी लेकराजवळ थांबतात तसे.