जान्याचा तारपा

कार्तिकातली उतरती उन्हे. जव्हारच्या डोंगरउतारांवर खुरासणी फुललेली. पीतवर्ण, मंदगंध, वाऱ्यासरशी लवणारी, लवून पुन्हा उभी राहणारी. त्या सुवर्णलहरींमधून लाल मातीची वाट पाड्यावर उतरत होती. आणि वाटेवरून उतरत होती फिलोमिना डाबरे, वसईची परिचारिका, आरोग्यशिबिरातली दिवसभराची सेवा आटोपून.

गेल्या कार्तिकातही ती इथे आली होती. जान्या वरठाच्या छातीतली ओली, खरखरती घरघर तिनेच ऐकली. क्षयाचे नाव तिनेच उच्चारले. आणि साऱ्या पाड्याला नाचवणारा, छातीच्या जोरावर फुंकायचा त्याचा तारपा तिनेच बंद केला.

औषधे केव्हाच संपली. दवाखान्याने तो बरा झाल्याचे सांगितले. तरी तारपा कुडाच्या भिंतीवर तसाच, मूक, धूळधूसर. "बायनं बंद केला, बायच उघडंल," एवढेच जान्या म्हणे. वर्षभर पाड्यावर नाच झाला नव्हता.

आज त्याच्या अंगणात शिबिराच्या माणसांची पंगत बसली. जान्याची बायको राजली वाढत होती. नागलीची श्यामल, ऊन ऊन भाकरी. खुरासणीची काळीभोर चटणी. उडदाचे दाट, लसणीचे बेसन. पळसाच्या पानात उकडलेल्या पानग्या. पान उलगडताच हिरवा, वाफाळ सुगंध. फिलोमिना जेवत होती आणि जेवता जेवता तिचे डोळे पुन्हा पुन्हा त्या भिंतीकडे जात होते.

"बरं झालं नाही का जेवण?" राजलीने विचारले.

"छान झालंय गं. इतकं छान, की एकेक घास घोळवून खातेय."

हात धुऊन ती उठली. स्टेथोस्कोप जान्याच्या पाठीवर टेकवला. ती ऐकत राहिली. एकदा, पुन्हा एकदा, बराच वेळ. आत स्वच्छ वारा वाहत होता. डोंगरमाथ्यावरचा, निर्वेध वारा.

"वाजवू का, बाय?"

"वाजवा, दादा."

त्याने तारपा उतरवला. दुधी भोपळ्याचे पोट, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा. पदराने राजलीने धूळ पुसली. जान्याने गाल फुगवले, आणि सूर उमटला. गहिरा, घोगरा, मधाळ. पोरीबाळी एकमेकींच्या कमरेत हात गुंफून उभ्या राहिल्या.

तोच सूर तुटला.

जान्या खोकला. आपण उगाच होकार दिला का? फिलोमिना पुढे सरसावली. राजलीने तिचा हात धरला.

"थांब, बाय. वर्षाची सवय मोडलीय. अहो, फुंका!"

जान्या हसला. ओठ पुसले. मग हळू, खोल, पोटातून श्वास घेतला, आणि सूर पुन्हा उगवला. या वेळी तुटला नाही. लांबत गेला, उंचावत गेला, वळसे घेत डोंगरांना भिडत गेला.

राजलीने धरलेला हात सोडलाच नाही. तिने फिलोमिनाला रिंगणात ओढले. पाऊल चुकले, सावरले, पुन्हा चुकले, कुणी हसले, तीही हसली.

सूर्य कड्याआड कलंडत होता. जान्याभोवती रिंगण वळत होते, आणि पावलापावलाने उडणारी तांबडी धूळ सांजउन्हात केशर होऊन, हळूहळू, सगळ्यांच्या केसांवर उतरत होती.