अर्धा थाळ

लखमा शहाणा होता, आणि तेच नडलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. बैलच रिकामा राहिला असता तर त्याच्या बायकोने, जनाने, देवाला नारळ फोडला असता. पण एवढ्यावर भागायचं नव्हतं.

मुरबाडकडच्या वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, वीस-बावीस घरं, आणि लखमा त्या वाडीचा थाळकरी. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाचा गोळा, मेणात उभी रोवलेली हातभर काडी. राख लावलेली बोटं काडीवरून खाली ओढली की थाळी घुमायला लागते आणि त्या घुमण्यावर कथा सांगायची. कुणी मेलं की त्याच्या दिवसाला थाळ बसतो, एरवी नाही. लग्नात नाही, जत्रेत नाही, आणि हौस म्हणून तर नाहीच नाही. बसताना मेलेल्याचं नाव घ्यायचं, की तो येऊन दारात उभा राहतो. कथा संपेपर्यंत थाळ थांबवायचा नाही. शेवटी थाळकरी विचारतो, "कोण गेला?" तेव्हा घरातल्या सगळ्यात जवळच्या बाईने नाव घेऊन म्हणायचं, अमका पोचला. मग तो दार सोडतो आणि वाटेला लागतो. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे.

दोन हजार एकच्या मे महिन्यात, सुट्टीमुळे ओस पडलेल्या रस्त्याकडेच्या शाळेत वाजवणारी माणसं उतरली. चांगली पन्नासेक. निम्मी परदेशची, व्हायोलिनं आणि माणसाएवढाली तंतुवाद्यं घेऊन आलेली. निम्मी आपल्याकडची, म्हणजे पुण्याचे सतारिये, मुंबईचा तबलजी, शहापूरचा सनईवाला राघो. महिनाभर एकत्र तालीम करायची आणि शेवटच्या दिवशी मैदानावर मोठा कार्यक्रम. शहापूरचा ओमकार, स्वतः व्हायोलिन शिकलेला, ही सगळी वऱ्हाडासारखी सांभाळत होता. म्होरक्या होता हंगेरीचा इश्तवान. वाडीने पहिल्याच दिवशी त्याचा 'इष्टू' करून टाकला.

वाडीत गुणाबाईच्या सासऱ्याचा दिवस होता. इष्टू ओमकारबरोबर येऊन अंगणाच्या कडेला मांडी घालून बसला, तो लखमाची कथा संपेपर्यंत जागचा हलला नाही. उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. दुसऱ्या दिवशी ओमकार लखमाच्या ओटीवर हजर!

"लखमाबाबा, साहेब म्हणतात, आमच्या सगळ्या वाद्यांच्या पोटात तुमचा हा आवाज पाहिजे. आठ मिनिटं फक्त. टेप पण करून ठेवू."

"नाय रे बाबा," लखमा म्हणाला खरा, पण टेप म्हटल्यावर त्याचे कान टवकारलेले जनाने बघितले.

"ह्यो मेलेल्याचा थाळ हाय," जना म्हणाली. "तमाशा हाय का?"

ओमकार गेल्यावर लखमाने कोनाड्यातली थाळी उतरवली. मग म्हणाला, "माज्यामागं कोन हाय गो? जावय गाडी चालवतो, शेजारची पोरं शिनेमाच्या गान्यावर शिटी मारतात. मी गेलो की थाळी भाकरी खायला घेतील."

"आनि नाव कोनाचं घेशील? कोनाला बोलावशील दारात?"

तेव्हा हसला लखमा. 

"माजंच घेईन. नाव घेतल्याबिगर थाळ बोलत नाय, आनि मेलेल्याचं घेतलं तर तो येल. मी तर जिता हाय, हितंच हाय. माजं नाव घेतलं तर दारात कोन येनार, सांग?"

झालं! स्वतःच्या अकलेवर खूश होऊन माणूस थाळी घासायला बसला. जनाने त्याला अडवलं नाही. त्याचं तिला जन्मभर वाईट वाटलं.

तालमीच्या पहिल्या दिवशी तीही बरोबर गेली. शाळेच्या मोठ्या खोलीत सगळे गोलात बसले होते. लखमाने राख लावली, तोंडातल्या तोंडात आपलं नाव घेतलं आणि बोटं ओढली. थाळी घुमली. व्हायोलिनं हळूच तिच्या पाठोपाठ आली, सतार आली, राघोची सनई आली. जनाच्या अंगावर काटा उभा राहिला, आणि खोटं कशाला बोला, तो सुखाचाही होता. एवढ्यात इष्टूच्या हातातली बारकी छडी टक्‌टक् वाजली. सगळं बंद. लखमाच्या बोटाखालची काडीसुद्धा बंद.

"पुन्हा पहिल्यापासून," ओमकारने समजावलं.

जना ताडकन उभी राहिली. "थांबवलात का? अर्धा थाळ थांबवत नाय कुनी!"

"मावशी, तालीम आहे ही. चुकलं की थांबायचं, पुन्हा धरायचं. सगळ्या जगात असंच चालतं."

सगळ्या जगात चालत असेल बाबा, वाडीत चालत नाही! त्या सकाळी सात वेळा छडी वाजली. सात वेळा लखमाने नाव घेतलं आणि सात वेळा अर्ध्यावर सोडलं. बोलावलं आणि निरोप दिला नाही. दारात आलेल्या पाहुण्याला कुणी असं वागवतं का?

घरी रुपा होती, त्यांची एकुलती एक लेक. दोन पोरं पोटातच गेली होती तिची. आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते आणि आईकडे आली होती. नवरा जगन मुरबाडला टेम्पो चालवायचा, तोही मुक्कामाला इथेच आलेला. ह्या खेपेला पोर जितं हातात पडावं, एवढंच जनाचं मागणं होतं. त्यासाठी तिने वाडीतला एक देव सोडला नव्हता.

महिना सरत आला. एका दुपारी जना तांदूळ निवडत होती आणि दारातला कुत्रा भुंकायला लागला. समोर अंगण रिकामं, ऊन मी म्हणत होतं. भुंकता भुंकता तो थांबला, कान पाडले आणि शेपटी हलवायला लागला. लखमा कामावरून आला की हलवतो तशी, अगदी तशी. आतून रुपाचा आवाज आला, "आये, बा आला गो. पाय धुवाया पानी देते."

ती तांब्या घेऊन दारात आली आणि इकडेतिकडे बघत राहिली. "आत्ता हुता की हितं! दाराला हात लावून उभा हुता."

लखमा त्या वेळी शाळेत होता. खालून थाळीचं घुमणं वाऱ्यावर बारीक ऐकू येत होतं. जनाने बघितलं, घुमणं तुटलं, आणि कुत्र्याची शेपटी पुन्हा हलली.

तिने रुपाला आत घेतलं, उंबऱ्यावर राखेची रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी रेघेच्या अलीकडच्या अंगाला, म्हणजे घरात, पावलाचा पंजा उमटलेला होता. उजव्या पायाची करंगळी नसलेला. लखमाची करंगळी लाकडं तोडताना गेली, त्याला वीस वर्षं झाली होती. आणि लखमा त्या रेघेवरून उडी मारून गेला होता, तिच्या डोळ्यांदेखत.

संध्याकाळी रुपा म्हणाली, "आये, पोर हलत नाय सकाळपास्नं."

जनाने नवऱ्याला परसात गाठलं आणि पंजाचं सांगितलं. वाटलं होतं हसेल. तो हसला नाही.

"मला ठाव हाय," लखमा म्हणाला. "परवा शाळेतनं वर येत हुतो. फुडं एक माणूस चालला हुता. म्या हाक मारली, त्यानं वळून नाय बघितलं. माजंच धोतर गो. माजीच पाठ."

"मग नको जाऊ उद्यापासनं!"

"आता नाय जाऊन कसं चालंल? तो दारात उभा हाय. आत रुपा हाय. उभ्या उभ्या कंटाळला की तो मोकळ्या हातानं जानार नाय. थाळ पुरा करायला हवा, आनि जिथं बसला तिथनंच, शाळेतनंच उठवायला हवा. कार्यक्रमाच्या दिशी छडी मधी वाजनार नाय, तवा पुरा करीन."

"पुरा केलास तर जाईल कोन?"

 लखमा नखातली राख काढत बसला.

"शेवटी तुजं नाव मला घ्यावं लागंल," जना म्हणाली. "तीस वर्सांत म्या घेतलं नाय. लग्नात बाया मागं लागल्या हुत्या तवा नाय घेतलं, मतदानाच्या कागदावाल्यानं इचारलं तवा शेजारनीनं सांगितलं. आनि आता त्यासाठी घेऊ? जीभ झडली तरी घेनार नाय!"

आणि ती रडली. भांडून, शिव्या देऊन, त्याच्या छातीवर बुक्क्या मारून रडली. त्याने मारू दिल्या.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. उद्या ही माणसं निघून जाणार आणि शाळेला कुलूप लागणार होतं. रुपाला पहाटेपासून कळा चालू झाल्या. गिरजा सुईण तिच्यापाशी बसली होती, बाहेर जगनचा टेम्पो तयार होता. जना लेकीला सोडून जायला तयार नव्हती, पण गिरजानेच तिला ढकललं. "अजून टाइम हाय. तू जा, तुजा जीव तिकडं टांगलाय." जना गेली. मनात एकच पक्कं होतं, तोंड उघडायचं नाही.

ऊन उतरलं तसं मैदान भरलं. शहापूर-मुरबाडची माणसं, मुंबईच्या गाड्या, पुढे खुर्च्या आणि समोर वाजवणाऱ्यांचा मांडव. इष्टूने छडी उचलली आणि लखमाने बोटं ओढली. महिनाभर घासूनपुसून बसवलेलं ते आठ मिनिटांचं वाजवणं इतकं सुंदर झालं की वाडीची माणसंसुद्धा चूप झाली. मग छडी खाली आली, सगळी वाद्यं थांबली, टाळ्या पडल्या.

लखमा थांबला नाही.

त्याची बोटं ओढतच राहिली आणि त्याने कथा धरली. ओमकार घाबरून उठला, तर इष्टूने हातानेच त्याला बसवला. छडी खिशात घातली आणि खाली मातीत मांडी घालून बसला, गुणाबाईच्या अंगणात बसला होता तसाच. मग एका परदेशी बाईने आपलं व्हायोलिन खांद्याला लावलं आणि थाळीचाच सूर धरला. दुसऱ्याने धरला. सतारीने धरला, सनईने धरला. पन्नास माणसं त्या एका सुरावर लखमाच्या मागे उभी राहिली. किती भली माणसं! कुणाला निरोप द्यायला मदत करतोय, हे त्यांना कसं कळावं.

कथा मेलेल्याने ओलांडायच्या नदीपाशी आली होती तेव्हा जगन धापा टाकत आला आणि जनाच्या कानाशी वाकला.

"मावशे, अडली गो ती. पोर आडवं झालंय. टेम्पोत घालाया उचलली, तर दारातनं भायेर निघना. वरडते, बा वाट आडवून उभा हाय, बाला बाजूला व्हायला सांग. गिरजा म्हनते आता दोघंबी हाती लागनार नायत."

जनाने मांडवाकडे बघितलं. लखमाने जगनला बघितलं होतं. त्याची बोटं जराही चुकली नाहीत. कथा नदी ओलांडून पलीकडे गेली आणि थाळी बारीक घुमत राहिली.

"कोन गेला?" लखमाने विचारलं.

जनाने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"कोन गेला?" त्याने दुसऱ्यांदा विचारलं. तीनदाच विचारतात. तो तिच्याकडेच बघत होता, आणि त्या बघण्यात शहाणपणाचा मागमूस नव्हता. गयावया होती. लेकीसाठी बाप करतो ती.

"कोन गेला?"

जना उभी राहिली. पदर तोंडातून काढला.

"लखमा," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, मैदानाच्या टोकापर्यंत जाईल असं. "लखमा पोचला."

लखमाने काडी मेणातून उपटली. लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, थांबेनातच. इष्टूने वाकून लखमाचे पाय धरले.

जगन केव्हाच वर पळाला होता. ती दोघं मागून चढायला लागली. लखमा हलका हलका चालत होता. "गोड घेतलंस गो नाव," तो म्हणाला. "तीस वर्सं उगाच दडवून ठेवलंस." तिने त्याचा हात घट्ट धरला. काही झालं नाही, चालतोय की, बोलतोय की! तिला वाटलं, सगळे म्हाताऱ्याकोताऱ्यांचे खेळ.

मोहाच्या झाडापाशी कुत्रा उतरून आला. जनाच्या पायाला अंग घासलं. लखमाकडे बघितलं, आणि अनोळख्यावर गुरगुरतात तसा गुरगुरला.

"दमलो," लखमा म्हणाला आणि थाळी मांडीवर घेऊन झाडाला टेकून बसला. "तू हो फुडं."

ती गेली नाही. बाजूलाच बसली. दिवेलागण झाली होती. आणि वरून, घराकडून, पोराचं रडणं आलं. खणखणीत, रागावलेलं, जितं रडणं.

"रुपाच्या बा! ऐकलंस? आरं, झाली मोकळी! पोर रडतंय!"

त्याची मान खांद्यावर कलली. थाळी मांडीवरून घसरली, दगडावर वाजली आणि घुमत घुमत थांबली.

"लखमा," जना म्हणाली. एकदा घेतलंच होतं, आता कुणाची लाज? "लखमा, आरं लखमा, ऐक ना."