ज्याचा त्याचा मजला

दार अर्ध्यावरच अडलं. मजलेकाकांनी लिफ्टचं जाळीचं दार पुन्हा ओढून पाहिलं, पण सुजलेली बोटं मुठीत वळायला तयार नव्हती. आत दोन डॉक्टर खोळंबले होते. पहिल्या मजल्यावरचे कातडीचे डॉक्टर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सांध्यांच्या डॉक्टरबाई. दोघं रोज याच लिफ्टनं वर जात आणि काका त्यांना मुकाट्यानं पोचवत. लिफ्टमध्ये आपण होऊन बोलायचं नाही, मजला तेवढा सांगायचा, हा काकांचा स्वतःचा कायदा होता. त्यापायीच हॉस्पिटलनं त्यांचं नाव मजलेकाका करून टाकलं होतं. खरं नाव पगारापुरतं उरलं होतं.

"सरका, मी ओढतो," म्हणत डॉक्टर पुढं झाले आणि त्यांची नजर काकांच्या हातावर पडली. दोन बोटं मुळापासून टोकापर्यंत फुगलेली होती. नखांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते.

"अहो काका, हे कधीपासून?"

"ते तिसऱ्या मजल्याचं आहे साहेब," काका ओशाळून म्हणाले. "बाईंना दाखवतो ते."

बाई चमकल्या. "आणि यांना काय दाखवता?"

"कातडी. कोपरं, डोकं, पाठ... खवले निघतात ना, ते. सोरायसिस म्हणतात साहेब. ते पहिल्या मजल्याचं."

"मला कधी बोलला नाहीत!"

"तुमचा काय संबंध बाई त्याच्याशी?"

यात लबाडी काही नव्हती. काकांचा उभा जन्म माणसांना ज्याच्या त्याच्या मजल्यावर सोडण्यात गेला होता. डोळ्यांचा पेशंट दातांच्या मजल्यावर उतरू लागला, तर काका दंडाला धरून त्याला मागं ओढत. तीच शिस्त त्यांनी स्वतःच्या दुखण्यालाही लावली. तिसऱ्या मजल्यावर जाताना बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावायची, पहिल्या मजल्यावर बोटं खिशात ठेवायची. बाईंनी वयाचं दुखणं समजून गोळ्या दिल्या, साहेबांनी मलम दिलं. बाहेर रांग एवढी, की खोदून कुणी विचारलंच नाही.

पहिला मजला येईपर्यंत दोन्ही डॉक्टर एकमेकांकडे बघत होते, पण काकांची नजर चुकवत होते.

त्यानंतर दर बुधवारी दुपारी दोघं दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, एकाच टेबलाशी बसू लागले. कातडी आणि सांधे दोन्हींची तक्रार असलेले पेशंट एकत्र तपासायचे ठरले होते, आणि पहिला नंबर काकांचा लागला. काकांना भीती रोगाची नव्हती, लिफ्ट जाण्याची होती. घरी कुलूप उघडलं, दिवा लावला, की सकाळपर्यंत तोंड उघडायचं कारणच पडत नसे. बायको गेल्यापासून असंच चाललं होतं. लिफ्टमध्ये काका बोलत नसले तरी माणसं तर असत. कुणाचा खांदा लागे, कुणी कानामागं कुजबुजे, कुणी उगाच हसे. एवढ्यावर त्यांचा दिवस निघत होता.

डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला. पाठ बघून ते म्हणाले, "कडेनं बरं आहे. मधे एवढं कसं? इथं मलम लावत नाही का?"

"हात पोचत नाही साहेब."

"घरी कुणी...?"

"नाही."

डॉक्टरांनी हातमोजा चढवला आणि स्वतःच मलम लावू लागले. पाठीवर माणसाचा तळवा फिरून वर्षं लोटली होती. काकांना एकदम रडू आलं, ते त्यांनी खोकल्यात दडपलं.

"काका, दोन्ही दुखणी एकच आहेत, सोरायसिसच सांध्यांत उतरलाय," बाई म्हणाल्या. "औषध बदलू, रक्त तपासत राहू. पुढचं नुकसान बरंचसं रोखता येईल. पण ही दोन बोटं..."

"वळायची नाहीत?"

"नाही. आधी कळलं असतं तर... चूक आमची आहे. बाह्या वर करा म्हणायला कितीसा वेळ लागतो?"

"असू द्या हो. मीही कुठं बोललो?"

"आता दार ओढणं मात्र बंद. दुसरं हलकं काम द्या, असं ऑफिसला कळवते."

"नका कळवू बाई!" काका उघड्या अंगानंच उठून उभे राहिले. "गोळ्या म्हणाल तेवढ्या घेतो. लिफ्ट काढू नका माझी. बाहेर मला कुणी नाही हो."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "बटण दाबता येतं ना? मग राहा. दार जो चढेल तो ओढेल. फक्त तुम्ही तसं सांगायचं. आहे कबूल?"

काकांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला आला तो एक तरणाताठा माणूस. आत येऊन तो काकांकडे पाहत उभा राहिला. काका स्टुलावर बसून होते. त्या दाराला त्यांनी कधी परक्याचा हात लागू दिला नव्हता. लिफ्ट तशीच उभी होती.

"काय झालं? बंद आहे का?"

"नाही, चालू आहे," काका म्हणाले. "तेवढं दार ओढता का? माझ्या हातानं होत नाही."

त्यानं एका हातानं दार सर्रकन ओढून घेतलं आणि हसला.

"अहो, हे तर एकदम हलकं आहे."

"हो," काका म्हणाले. "फार हलकं आहे."