चुलीवरचं बियाणं

मावशीच्या चुलीवर मक्याची कणसं टांगलेली असायची. खायची नव्हेत हं, बियाण्याची. धुराने काळीकुट्ट झालेली, म्हणून कीड त्यांच्या वाटेला जायची नाही. वस्तीतली एकोणीस घरं दर पेरणीला मावशीकडूनच बी न्यायची. स्वतःच्या घरी बी धरावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. मावशी आहे ना, झालं! आणि मावशी तरी कसली खमकी! शेंड्याचे दाणे बाजूला, बुडाचे बाजूला, मधले जाडजूड तेवढेच बियाण्याला. मध्ये कुणी हात घातला की हातावर फटका.

मका जुनाच. कणीस वीतभरसुद्धा नाही, दाणा लालसर. पण पाऊस रुसला तरी पोटापुरतं द्यायचा.

मग शेतकी खात्याचा साहेब आला. तरुण, गोड बोलणारा, चपला हातात घेऊन चिखलात उतरणारा. त्याने नव्या बियाण्याचं एवढं कौतुक केलं, पण लोक त्याच्याकडे बघतच नव्हते. सगळ्यांचे डोळे मावशीकडे. साहेबही हुशार, त्याने पहिल्या वर्षी फक्त तिलाच दोन मुठी बी दिलं. तिने ते परसात लावलं, डोळ्यात तेल घालून राखलं. आणि काय कणसं आली म्हणता! कोपरापासून मनगटापर्यंत लांब, दाणा पिवळाधमक. बघणाऱ्याने तोंडात बोटं घातली. दुसऱ्या वर्षी साहेबाने घरटी पिशवी वाटली आणि मावशी "पेरा" म्हणाली म्हणून एकोणीस घरांनी पेरलं.

कणग्या भरल्या. मावशीला तर आभाळ ठेंगणं झालं. तिने चुलीवरची जुनी कणसं उतरवली, दळून टाकली आणि तिथे नवी टांगली. सगळ्यांत मोठी, सगळ्यांत भरलेली, एकेक निवडून घेतलेली. पेरणीच्या वेळी नेहमीसारखे मधले दाणे काढून तिने घरोघरी वाटले.

आता तुम्हीच सांगा, तिचं काय चुकलं? चांगल्यातलं चांगलं बियाण्याला ठेवायचं, हेच तर ती जन्मभर करत आली होती.

शेत उगवलं ते वेडंवाकडं. मक्याचं एक ताट डोक्याच्याही वर गेलेलं, शेजारचं गुडघ्याएवढं. कितीतरी ताटांना कणीसच नाही, आणि ज्यांना होतं त्यांत दाणे असे विरळ, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखे. आपण कुणाचं काय वाईट केलं, हेच मावशीला कळेना.

साहेब आला, शेताकडे बघून खालीच बसला.

"मावशी, याचं बी धरलंत?"

"मग काय टाकून देऊ?"

"अहो, याचं बी धरायचं नसतं. पीक एकदाच चांगलं येतं. दरवर्षी नवी पिशवी घ्यायची. हे सगळ्यांना माहीत असतं."

"कुठल्या सगळ्यांना?" मावशी म्हणाली.

साहेबाने मान खाली घातली. तो काही लबाड नव्हता बिचारा. सांगायला हवं होतं, एवढंच त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मावशीने मग दारोदार फिरून जुन्या मक्याचे मूठभर दाणे मागितले. मूठभर पुरे झाले असते, दोन-तीन वर्षांत तिने पुन्हा सगळ्यांपुरते केले असते. पण प्रत्येक दारात एकच उत्तर, "ते तुमच्याकडेच असायचं ना?" कुणी तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

शेवटची आशा म्हणजे लेक. दोन टेकड्यांपलीकडे दिलेली. तिथली जमीन उंचावरची, कोरडी. जुना मका तिने नक्कीच सोडला नसणार. मावशी उजाडताच निघाली आणि दुपारी घामाघूम होऊन दारात पोचली.

"अगंबाई, आई! निरोप नाही, काही नाही?" लेक पाणी घेऊन धावली.

"पाणी राहू दे. आपला जुना मका आहे का गं?"

लेकीचा चेहराच उतरला. "होता की. दोन वर्षं चुलीवर टांगून ठेवला होता. सासूबाई हसायच्या, तरी काढला नाही. मग तुमच्या कणग्या भरल्या तेव्हा तुझाच निरोप आला ना, की तो आता टाकाऊ झाला, दळून खा, मी नवं बी पाठवते."

तो निरोप मावशीला आत्ता आठवला. "कधी दळलास?"

"चार दिवस झाले. इतके दिवस जीवच होत नव्हता. पीठ आहे थोडं. देऊ?"

मावशीने डबा मांडीवर घेतला आणि लालसर पिठात कोपरापर्यंत हात घातला. बोटांनी ती तळ चाचपत राहिली, एखादा तरी दाणा अख्खा राहिला असेल म्हणून. पण लेकीचं दळण फार बारीक. पिठात एक कणी दिसता कामा नये, हे तिला लहानपणी मावशीनेच शिकवलं होतं.